दीडशे लिटर पाण्यात युटा : आरव्हीतून केलेल्या प्रवासाचा अनुभव

दरवर्षी सप्टेंबर उजाडला की इथे अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये घरोघरी आई-वडील येऊन उतरतात, आणि दसरा-दिवाळीच्या मध्ये मला तोच फोन येतो. "तुम्ही आरव्ही नेली होती ना? आमच्या आईला झेपेल का? ते घाण पाणी काढायचं काय असतं? स्वस्त पडतं का?" आरव्ही म्हणजे आत पलंग, शेगडी, शौचालय असलेली घरासारखी मोठी गाडी. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढावं म्हटलं. प्रवास २०२४ च्या ऑक्टोबरमधला, फिनिक्सहून निघून शेजारच्या युटा राज्यातला आहे. त्यानंतर काही नियम बदललेत, ते त्या त्या जागी सांगते.

आम्ही पाच जण होतो. मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि लातूरहून आलेले आई-बाबा. बाबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे रोज नवं हॉटेल, रोज बॅगा आत-बाहेर हे तिला नको होतं, आणि वाळवंटातल्या रस्त्यावर दर दोन तासांनी स्वच्छतागृह कुठून आणायचं हाही प्रश्न होताच. आरव्हीचा विचार तिथूनच सुरू झाला. हौस वगैरे नंतरची.

सगळ्यात अवघड काम गाडी मिळवणं नाही, रात्री ती उभी करायला जागा मिळवणं. झायन नॅशनल पार्कमधल्या वॉचमन कँपग्राऊंडची नोंदणी रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर सहा महिने आधी, पूर्व किनाऱ्याच्या वेळेने सकाळी दहाला उघडते. एप्रिलमध्ये ॲरिझोनात तेव्हा सात वाजलेले असतात. आम्हाला १४ ऑक्टोबरची रात्र हवी होती, म्हणून १४ एप्रिलला, रविवारी सकाळी, नवरा एका लॅपटॉपवर आणि मी दुसऱ्यावर बसलो. खातं आधीच उघडलेलं, कार्डाचा नंबर साठवलेला, पसंतीच्या जागांचे नंबर कागदावर. वॉचमनमध्ये विजेची सोय ए आणि बी या दोन भागांतच आहे, आणि प्रत्येक जागेपुढे किती फुटी गाडी मावेल ते लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय बटण दाबू नका. सात वाजून काही मिनिटं झाली आणि नकाशावरच्या जागा भराभर भरलेल्या दिसायला लागल्या. आम्हाला मिळाली ती यादीतली चौथी. तीन दिवसांनी कॅपिटल रीफमधल्या फ्रूटा कँपग्राऊंडसाठी पुन्हा तीच कसरत. तोवर आई-बाबांची विमानाची तिकिटंही काढलेली नव्हती. क्रम उलटा वाटेल, पण असाच ठेवा. बेत फिसकटलाच तर वेळेत रद्द केल्यावर थोडे पैसे कापून बाकीचे परत येतात. जागा मात्र ऐनवेळी मिळत नाही.

गाडी जुलैत ठरवली. 'क्लास सी' म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली, पंचवीस फुटी. जाहिरातीतलं भाडं दिवसाला ११० डॉलरच्या आसपास होतं. मग एकेक पान पुढे गेलं तसे मैलांचे वेगळे पैसे आले, जनरेटरचे तासावर, ताटं-भांड्यांचा संच वेगळा, माणशी अंथरूण-पांघरूण वेगळं, विमा, कर. शेवटचा आकडा जवळजवळ दुप्पट झाला. भांडी आणि चादरी आम्ही घरून नेल्या, तेवढेच दीडशेक डॉलर वाचले. आपल्या रोजच्या गाडीचा विमा आरव्हीला लागू होईलच असं नाही. विमा कंपनीला फोन करून विचारा, आणि 'नाही' म्हणाले तर भाड्याच्या कंपनीचा घ्या. इथे पैसे वाचवू नका.

बाबांचा परवाना हे मधलं एक प्रकरण. "एवढी मोठी गाडी आणि मी मागं बसून येऊ व्हय?" असं ते फोनवर म्हणाले तेव्हाच पुढचं समजलं. लातूरच्या आरटीओत आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी फॉर्म ४-ए भरावा लागतो. पासपोर्टची प्रत जोडायची, हजार रुपये फी. पुस्तिका मिळते, ती जास्तीत जास्त वर्षभर चालते. पण नुसत्या पुस्तिकेला अर्थ नसतो, मूळ भारतीय परवाना सोबत हवाच. मी भाड्याच्या कंपनीला आधी ईमेल करून 'हे दोन्ही असलेला माणूस चालवू शकतो का' असं लेखी विचारून घेतलं आणि उत्तर छापून ठेवलं. तो कागद पुढे उपयोगी पडला, कारण काउंटरवरच्या मुलीने तशी पुस्तिका कधी पाहिलेलीच नव्हती.

१२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, गाडी ताब्यात घेतली. दुपारी एकची वेळ दिलेली होती, किल्ली हातात पडायला साडेतीन वाजले. आधी एक फिल्म दाखवतात, मग कागद, मग सगळ्या ड्रायव्हरांचे परवाने. बाबांची पुस्तिका उलटसुलट बघून ती मुलगी आत गेली, वरिष्ठांना विचारून आली, आमच्या ईमेलची झेरॉक्स काढली, आणि मग बाबांचं नाव करारात टाइप झालं. त्यानंतर गाडीभोवती एक फेरी. ही फेरी घाईत उरकू नका. फोनवर सलग चित्रीकरण करा: प्रत्येक ओरखडा, छताच्या कडा, टायर, काच. शेगडी पेटवून बघा, पाण्याचा पंप चालू करा, हीटर आणि एसी लावून बघा, फ्रिज गॅसवर आणि विजेवर दोन्हीवर चालतो का ते पाहा. हीटर सुरू केला तेव्हा बाहेर पारा चाळिशीच्या आसपास होता आणि तो दाखवणारा माणूस हसत होता. पण चार दिवसांनी आम्हाला लागला तो हीटरच.

आईने इंडियन स्टोअरमधून झेंडूची माळ आणली होती. भाड्याच्या गाडीच्या पांढऱ्या रंगावर हळद उतरली तर पैसे कापतील, म्हणून हळदी-कुंकू टायरला लावलं.

पाणी दाखवताना तो माणूस म्हणाला, स्वच्छ पाण्याची टाकी चाळीस गॅलनची. नवऱ्याने हिशेब करून सांगितलं, साधारण दीडशे लिटर. आईने लगेच विचारलं, "किती दिवसांला?" पार्कमध्ये जिथे नळजोडणी नसते तिथे दोन दिवस तरी, म्हटल्यावर ती गप्प झाली. तिचं गणित सुरू झालं होतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा ती लातुरातच होती. पाच माणसांचं घर टँकरवर चालवलेल्या बाईला दीडशे लिटर म्हणजे काय ते कळतं. आम्हाला नव्हतं कळत. आम्ही ॲरिझोनाच्या वाळवंटात राहतो आणि नळ सोडून दात घासतो.

आरव्हीत पाण्याचा प्रश्न दुहेरी असतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एक टाकी स्वच्छ पाण्याची. खाली दोन टाक्या, एक मोरी-बेसिनच्या सांडपाण्याची, एक शौचालयाची. स्वच्छ पाणी उरलं असलं तरी सांडपाण्याची टाकी भरली की सगळं थांबतं. म्हणून आईने पहिल्याच संध्याकाळी कायदा केला. ताट आधी कागदाने पुसायचं, मग धुवायचं. अंघोळ शॉवरने नाही, बादली-तांब्याने, तीही पार्कच्या बाहेर, नळजोडणी असेल त्या मुक्कामी. भाजी धुतलेलं पाणी पातेल्यात धरायचं आणि शौचालयात ओतायचं. लेकीला यात खेळ सापडला आणि ती टाक्या किती भरल्या ते दाखवणाऱ्या दिव्यांची राखणदार झाली.

पहिला मुक्काम फ्लॅगस्टाफजवळ. आय-१७ महामार्ग फिनिक्सच्या उष्ण सपाटीवरून सात हजार फुटांवर चढतो. खाली सग्वारो निवडुंग, वर पाँडरोसा पाइनचं जंगल. पंचवीस फुटी गाडी चालवताना पहिले दोन तास हात दुखतात, कारण आपण स्टीअरिंग गळा दाबल्यासारखं धरतो. वळताना मागची बाजू बाहेर झुकते, त्यामुळे पेट्रोलपंपावर सगळ्यात बाहेरचा पंप घ्यायचा, सरळ आत आणि सरळ बाहेर. गाडी मागे घेताना कुणीतरी खाली उतरायलाच हवं. आमच्याकडे बाबा होते. एसटी डेपोच्या पद्धतीने ते मागच्या पत्र्यावर थाप मारत. दोन थापा म्हणजे येऊ द्या, एक म्हणजे थांब. कॅमेऱ्यापेक्षा हे बरं. रात्री आतली फोडणी मात्र फसली; मोहरी तडतडली आणि धुराचा अलार्म ठणाणा वाजायला लागला. शेजारच्या गाडीतले आजोबा टॉर्च घेऊन आले. त्या दिवसापासून फोडणी बाहेर, पिकनिक टेबलावर, छोट्या गॅसच्या शेगडीवर.

१३ तारखेला यूएस-८९ महामार्गाने नावाहो नेशनमधून, म्हणजे नावाहो या मूळ अमेरिकन जमातीच्या स्वायत्त प्रदेशातून, पेज गावाला गेलो. इथे घड्याळाचा घोळ होतो. ॲरिझोना उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करणं) पाळत नाही, नावाहो नेशन पाळतं, आणि पेज गाव ॲरिझोनाच्या वेळेवर चालतं. फोन मधेच तासभर पुढे उडी मारतो आणि परत येतो. अँटेलोप कॅन्यनसारख्या ठिकाणी वेळ घेऊन जायचं असेल तर कोणत्या घड्याळाने, ते नोंदणी करतानाच विचारा. आम्ही अँटेलोप सोडून दिलं. अरुंद जिने आईच्या गुडघ्यांना नकोत. वाहवीपला लेक पॉवेलच्या काठावर वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्हींच्या जोडणीची जागा घेतली होती. पहिल्यांदा करणाऱ्याने अशाच ठिकाणी शिकावं.

आता तो नाजूक विषय. क्रम पक्का लक्षात ठेवा. हातमोजे. नळी आधी गाडीला, मग जमिनीतल्या तोंडाला घट्ट बसवायची. शौचालयाच्या टाकीचा खटका आधी ओढायचा, ती पूर्ण रिकामी झाली की बंद करायचा, मग सांडपाण्याचा. म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. खटके बंद असल्याची खात्री करूनच नळी काढायची. दहा मिनिटांचं काम आहे, वासही वाटतो तेवढा येत नाही. ज्या भीतीने लोक आरव्हीला नाही म्हणतात तेवढं त्यात काही नाही. आमच्याकडे अडचण वेगळीच झाली. हे काम करून आलेल्या जावयाला आई अंघोळीशिवाय आत घेईना, आणि जावयाला तसं तोंडावर सांगताही येईना. ती मला म्हणे, "त्यांला म्हणावं, नळाला गरम पाणी आलंय." त्याला दोन दिवसांनी कळलं की हे दरवेळी का सांगितलं जातं.

संध्याकाळी तळ्याच्या कडेला गेलो. कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाचा हा जलाशय. लाल कड्यांवर पाणी जिथवर असायचं तिथवर पांढरा पट्टा आहे, कित्येक मजले उंच. आई बराच वेळ त्या पट्ट्याकडेच बघत होती. "धनेगावला असंच झालतं," ती म्हणाली. धनेगाव म्हणजे मांजरा धरण, लातूरचं पाणी तिथून येतं. लोक इथे सूर्यास्ताचे फोटो काढतात. तिने लेकीला धरणाची रिकामी पातळी कशी ओळखायची ते शिकवलं. अंधार पडल्यावर पश्चिमेला शुक्राच्या उजवीकडे, थोडा वर धूमकेतू दिसला, त्सुचिनशान-ॲटलास. त्याच आठवड्यात तो संध्याकाळच्या आकाशात आला होता. साध्या डोळ्यांना शेपटी दिसत होती.

झायनला पूर्वेकडून शिरलो. या रस्त्यावर १९३० साली पुरा झालेला १.१ मैलांचा बोगदा आहे, त्या काळच्या मोटारींच्या मापाचा. ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद गाडी आपल्या लेनमध्ये मावत नाही. आरव्ही म्हटलं की दोन्ही मापं ओलांडलीच. मग प्रवेशद्वारावर १५ डॉलर भरावे लागत, पार्कचे रेंजर समोरची वाहतूक थांबवत आणि आपण बोगद्याच्या मधोमध जायचो, तेही दिवसाच्या ठराविक वेळेतच. त्या पावतीवर सात दिवसांत त्याच गाडीच्या दोन फेऱ्या होत असत. हे सगळं भूतकाळात लिहिणं भाग आहे, कारण ७ जून २०२६ पासून या मापाच्या गाड्यांना तो रस्ता बंद केला आहे. पूर्वेकडून येणाऱ्यांनी आता कॅनबहून फ्रेडोनिया, हरिकेन असा वळसा घालून स्प्रिंगडेल गावाकडच्या, म्हणजे दक्षिणेच्या दाराने यावं. वेळ वाढतो, पण पर्याय नाही.

वॉचमनला जागेवर वीज असते, नळ नसतो. पाणी डंप स्टेशनपाशी, म्हणजे घाण पाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या जागी, भरून घ्यायचं. गाडी एकदा उभी केली की हलवायची गरज नव्हती. मोसमात मुख्य दरीत खासगी गाड्यांना बंदीच असते, फुकटच्या शटल बसने जायचं. बाबा पहिल्या फेरीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि दुसऱ्या फेरीत म्हणाले, "पोरगी चांगली चालवती." आईला नदीकाठची रिव्हरसाइड वॉक झेपली. पक्की वाट, जाऊन-येऊन दोन मैलांच्या आसपास, मधे बसायला जागा. दोन दिवस तिथे राहिलो हा या प्रवासातला सगळ्यात शहाणा निर्णय होता. रोज गाडी हलवणाऱ्यांची अर्धी सुट्टी नळ्या जोडण्यात आणि सोडण्यात जाते.

१६ तारखेला ब्राइस कॅन्यन नॅशनल पार्कला पोचलो. कोजागिरी होती. ब्राइसची कडा आठ हजार फुटांच्या वर आहे आणि आमची जागा पार्कच्या आत, कोणतीही जोडणी नसलेली. वाळवंट म्हटलं की लोक टी-शर्ट भरतात. इथे ऑक्टोबरच्या मध्यालाही रात्री पाणी गोठतं, आणि ब्राइस जसं दिसतं ते त्याचमुळे. भेगांत शिरलेलं पाणी रात्री गोठून फुगतं, खडक फोडतं, दिवसा वितळतं. वर्षातल्या जवळजवळ निम्म्या रात्री हेच चालतं. त्यातून ते लाल-केशरी सुळके उभे राहतात. खडकाचं जे होतं ते आरव्हीच्या नळीचंही होऊ शकतं. म्हणून संध्याकाळीच पंप बंद केला, बेसिनखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवली म्हणजे आतली ऊब नळ्यांपर्यंत पोचते, आणि प्यायचं पाणी कळशीत काढून घेतलं.

आईने बाहेर दूध आटवलं. केशर, वेलची, चारोळी लातूरहून आलेली. सनसेट पॉइंटवर थर्मास घेऊन गेलो. चंद्र इतका लख्ख होता की धूमकेतू शोधूनही दिसेना, पण खालचे सुळके एकेक मोजता येत होते. लेकीने हातमोज्यांतच पेला धरून दूध प्यायलं आणि दुसऱ्यांदा मागितलं.

पहाटे तीनच्या सुमाराला हीटर बंद पडला. आरव्हीचा हीटर गॅसवर जळतो, पण त्याचा पंखा गाडीतल्या वेगळ्या बॅटरीवर चालतो, आणि ती बॅटरी म्हातारी होती. दिवे मिणमिणले, पंखा घरघरला, गप्प. जनरेटर लावायला रात्री मनाई. आतलं तापमान सरसर उतरायला लागलं. आईने फिनिक्सला वाकळ आणली होती, जुन्या लुगड्यांची, नातीसाठी शिवलेली. चाळीस अंशांच्या गावात वाकळ कशाला म्हणून आम्ही तिला खूप हसलो होतो. त्या रात्री तिच्याखाली लेक, आई आणि मी होतो. नवरा आणि बाबा पुढच्या सीटवर अंगावर मिळेल ते घेऊन बसले. भीती वाटली का? वाटली. थंडीपेक्षा जास्त, आईला काही झालं तर फोनला नेटवर्क नाही याची. सकाळी परवानगीची वेळ होताच जनरेटर लावला आणि मग चहा.

रेंज आल्यावर कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं थांबवल्यावर एक माणूस भेटला. बॅटरी बदलून द्यायला जवळपास कुणी नाही, दिवसभर गाडी चालवली की चार्ज होईल, म्हणाला. मी तक्रारीचा क्रमांक मागून घेतला, बॅटरीच्या दिव्यांचे फोटो वेळेसकट पाठवले आणि त्या रात्रीच्या भाड्याची भरपाई लेखी मागितली. अशा वेळी भांडण्यात वेळ घालवू नका, क्रमांक घ्या. आणि थंडीच्या जागी जाणार असाल तर गाडी ताब्यात घेतानाच विचारा, बॅटरी किती जुनी आहे.

ब्राइसहून कॅपिटल रीफला जाणारा हायवे १२ हा या प्रवासाचा गाभा. एस्कलांटे आणि बोल्डर या गावांमध्ये हॉगबॅक नावाचा टप्पा आहे, डोंगराच्या नुसत्या धारेवर रस्ता, दोन्ही बाजूंना दरी आणि बऱ्याच भागात कठडा नाही. त्या दिवशी वारा सुटला होता, आणि उंच गाडीला वारा आडवा लागला की ती अक्षरशः सरकते. मी चालवत होते, बाबा शेजारी. "चढताना जो गिअर लागतो ना, उतरताना तोच ठेवायचा. ब्रेकवर गाडी उतरवायची नसती," एवढंच ते बोलले आणि मग गप्प बसले, जे त्यांना सहज जमत नाही. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर लावता येतो. 'टो-हॉल' नावाचं बटण असतं, ते दाबलं की इंजिनच गाडी रोखून धरतं. मागे गाड्यांची रांग झाली की रस्त्याकडेच्या रुंद जागी थांबून त्यांना जाऊ द्यायचं. पुढे बोल्डर माउंटनवर रस्ता ९६०० फुटांवर जातो. ॲस्पेनची पानं पिवळी झालेली होती आणि खाली मैलोन्‌मैल उघडा खडक.

फ्रूटा खाली, उबदार. मॉर्मन पंथाच्या वसाहतकऱ्यांनी नदीकाठी लावलेल्या फळबागा पार्कवाल्यांनी जपल्यात. झाडाखाली उभं राहून खाल्लं तर फुकट, बाहेर न्यायचं तर वजन करून पैसे पेटीत टाकायचे. आईने सफरचंदं नेली आणि पैसे टाकताना दोनदा मोजले.

१८ तारखेला सगळ्यात लांब पल्ला, मॉन्युमेंट व्हॅलीपर्यंत. हँक्सव्हिलला पेट्रोलची टाकी पूर्ण भरा. पुढे ब्लँडिंगपर्यंत सव्वाशे मैल जवळजवळ काहीच नाही. हाच रस्ता बाबांनी चालवला. हायवे ९५, समोर कुणी नाही, मागे कुणी नाही. पहिल्या वळणाला इंडिकेटरऐवजी वायपर चालू झाले, दुसऱ्यालाही. वेग पन्नासच्या वर न्यायला तयार नव्हते. पन्नास मैल म्हणजे ऐंशी किलोमीटर, "एसटीला ऐंशीलाच लॉक असतंय." हाइटच्या पुलावर कोलोरॅडो ओलांडली. लेक पॉवेलचं वरचं टोक तिथे यायचं. आम्हाला गाळ, झुडपं आणि मधून वाहणारी नदी दिसली. पुढे नकाशा सांगत होता, उजवीकडे २६१ नंबरचा रस्ता घ्या, जवळ पडेल. अजिबात घेऊ नका. त्यावर मोकी डगवे नावाचा कच्चा, कड्यावरून नागमोडी उतरणारा टप्पा आहे. आरव्हीने जाऊ नये असे फलक लावलेले आहेत, आणि भाड्याच्या करारातही कच्च्या रस्त्याला मनाई असते. बाबांना तो बघायचा होता, घाटवाल्या माणसाला मोह होणारच. ब्लँडिंग, ब्लफ, मेक्सिकन हॅट असं लांबून गेलो.

मॉन्युमेंट व्हॅली हे नावाहो लोकांचं स्वतःचं पार्क, राष्ट्रीय पार्कांचा पास तिथे चालत नाही. आतल्या सतरा मैलांच्या कच्च्या फेरीत आरव्हीला मनाई आहे, म्हणून नावाहो गाइडची उघडी जीप घेतली. धूळ खूप, आईला ओढणीने नाक-तोंड बांधून नेलं. नावाहो नेशनमध्ये दारू बेकायदा आहे, फ्रिजमध्ये बिअर असेल तर आधीच विचार करा.

गाडी परत करताना तिन्ही गोष्टी बघतात: पेट्रोल, गॅस आणि रिकाम्या टाक्या. टाक्या रिकाम्या नसल्या तर दंड जबर असतो. सकाळी अकराच्या आत द्यायची होती, म्हणून आदल्या रात्रीच महामार्गालगतच्या डंप स्टेशनवर काम उरकलं. तपासणीत मागच्या बंपरवरचा एक ओरखडा आमच्या नावावर लागत होता. दसऱ्याच्या दिवशीचं चित्रीकरण दाखवलं, लगेच मिटलं.

खर्च. जवळपास बाराशे मैल झाले. गाडी, मैल, विमा, कर मिळून २१०० डॉलरच्या घरात. गॅलनला नऊ मैल पडले, म्हणजे पेट्रोलचे साडेचारशे. मुक्कामांचे साडेचारशे, जीप आणि किरकोळ प्रवेश मिळून पाचशेच्या आसपास, पार्कांचा वार्षिक पास ८० आणि किराणा. एक मोठी व्हॅन आणि हॉटेलच्या दोन खोल्या घेतल्या असत्या तरी साधारण एवढेच झाले असते. स्वस्त पडतं म्हणून आरव्ही घेऊ नका. घरचं जेवण, सोबतचं शौचालय आणि आडवं व्हायला पलंग, हे ज्या घरात मोलाचं असेल त्यांनी घ्या.

पासाचं गणितही बदललंय. १ जानेवारी २०२६ पासून ८० डॉलरचा पास अमेरिकेत राहणाऱ्यांसाठीच आहे, परदेशी पाहुण्यांना तो २५० ला पडतो. पास नसेल तर झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन धरून अकरा पार्कांत परदेशी माणसाला प्रवेशावर माणशी १०० डॉलर जादा द्यावे लागतात. आई-वडिलांना व्हिजिटर व्हिसावर आणलं असेल तर पार्कच्या संकेतस्थळावरचे ताजे नियम वाचूनच बेत ठरवा, आणि त्यांचे पासपोर्ट गाडीत हाताशी ठेवा.

हीटरच्या रात्रीचे पैसे डिसेंबरात कार्डावर आले. त्यासाठी तक्रारीचा तोच क्रमांक घालून तीनदा ईमेल करावा लागला.